पारण्याचा दिवस

संवत्सरीचा दिवस जैन घरात शांत असतो. दुकान बंद, चूल बंद, कोणी स्थानकात पौषध घेऊन बसलेले, तर कोणी घरीच सामायिकात. सायंकाळी प्रतिक्रमण होते, चौऱ्याऐंशी लक्ष जीवयोनींची क्षमा मागितली जाते आणि मन हलके होते. परंतु त्या क्षमेची परीक्षा दुसऱ्या दिवशी असते. त्या दिवशी चूल पेटते, दुकान उघडते, पाहुणे येतात आणि ज्यांच्याशी वर्षभर व्यवहार करावयाचा, ती माणसे पुन्हा समोर उभी राहतात.

अहिल्यानगर जिल्ह्यातील एका तालुक्याच्या गावी, भर बाजारपेठेत खाली किराणा-भुसाराचे दुकान आणि वर बिऱ्हाड असे एक घर आहे. दादा-दादी, तीन मुलगे, तीन सुना, नातवंडे आणि माहेरपणाला आलेली एक लेक, अशी सतरा माणसे सध्या त्या घरात नांदत आहेत. या पर्युषणात तेथे दोन अठाया झाल्या. एक मोठ्या सुनेची आणि दुसरी तेरा वर्षांच्या नातीची. आठ दिवस केवळ उकळलेल्या पाण्यावर काढलेल्या त्या मुलीचे सगळ्या गल्लीला कौतुक होते. भाद्रपद शुद्ध षष्ठीला सकाळी दोघींचे पारणे व्हावयाचे होते.

पहाटे पाच वाजता मधली सून उठली. पारण्यासाठी मुगाचे पाणी आणि सुंठ-पिंपळामुळाची राब करावयाची होती. मूग शिजत आले आणि गॅस संपला. भरलेले दुसरे सिलिंडर आहे, असा सर्वांचा समज होता. प्रत्यक्षात तेही रिकामे निघाले. आदल्या आठवड्यात कोणी तरी ते वापरून पुन्हा जागेवर ठेवले होते, आणि ते कोणी ठेवले याविषयी घरातील सतरा माणसांत संपूर्ण एकवाक्यता होती की, आपण नाही. अखेर शेजारच्या घरातून सिलिंडर आले.

दुसरा प्रसंग पाच वर्षांच्या नातवाचा. त्याने त्या दिवशी आयुष्यातील पहिली नवकारसी धरली होती. सूर्योदयानंतर अठ्ठेचाळीस मिनिटे तोंडात काही घालावयाचे नाही, हे त्याला पाठ होते. घड्याळ मात्र नीट वाचता येत नव्हते. काटा कोठे आला हे पाहण्यासाठी तो स्टुलावर चढला, स्टूल डगमगले, आणि उतरण्याच्या घाईत त्याचा पाय उकळून निवत ठेवलेल्या पाण्याच्या परातीत पडला. सकाळचे सगळे पाणी स्वयंपाकघरभर पसरले. कोणी ओरडण्यापूर्वीच तो म्हणाला, “दादी, मिच्छामि दुक्कडम्!” दादीला हसू आवरेना. पाणी पुन्हा उकळावयास ठेवले गेले.

मोठ्या सुनेच्या माहेरची मंडळी पुण्याहून पहाटेच निघाली होती. परंतु पेठेच्या तोंडाशी गणपतीचा मांडव, त्यापुढे अडकलेला मालाचा ट्रक आणि दोन्ही बाजूंना फळ-फुलांच्या गाड्या. मोटार पुढे सरकेना, तेव्हा वृद्ध आई-वडील हातात पिशव्या घेऊन पायीच आले. मुलीचे पारणे त्यांच्या हातून व्हावे अशी त्यांची इच्छा होती, आणि ते येईपर्यंत मोठी सून थांबली होती. नातीनेही मोठ्या आईसोबतच पारणे करण्याचा हट्ट धरला. साडेआठ वाजता वाटीतले मुगाचे पाणी दोघींच्या ओठाला लागले. मुलीने पहिला घोट घेतला आणि म्हणाली, “मुगाचं पाणी इतकं गोड असतं?” त्यात गूळ नव्हता, साखरही नव्हती.

थोड्याच वेळात महासतीजी गोचरीसाठी दाराशी आल्या. पारण्याच्या दिवशी सुपात्रदानाचा योग येणे हे भाग्यच. सर्व जण लगबगीने पुढे झाले. महासतीजींना उकडत असेल, या भक्तीने मधल्या नातवाने धावत जाऊन पंख्याचे बटन दाबले. घर असूझते झाले आणि महासतीजी शांतपणे पुढच्या दाराकडे वळल्या. मुलाच्या डोळ्यांत पाणी आले. दादी म्हणाल्या, “आपला अंतराय. पण बटन भक्तीनं दाबलंस, हे विसरू नको. पुढच्या वेळी हात जोडून उभा राहा, तेवढं पुरे.”

खाली दुकानात निराळाच गोंधळ चालला होता. दुसऱ्या दिवशी गौरी यावयाच्या होत्या. रवा, बेसन, साखर, खोबरे, खारीक यांसाठी दाराबाहेर गर्दी लोटली होती, आणि नेमके त्याच दिवशी हमालीचे काम पाहणारे आबा आले नव्हते. तेवीस वर्षांत सणाच्या तोंडावर त्यांचा खाडा कोणाला आठवत नव्हता. थोरले भाऊ स्वतः कट्टे उतरवू लागले. महाविद्यालयात जाणारा पुतण्या गल्ल्यावर बसला. पारणे झालेली नात सोडून घरातील उरलेली मुले पुड्या बांधू लागली.

आबा का आले नाहीत, हे धाकट्या काकांना ठाऊक होते. चतुर्थीच्या दिवशी खेड्यावरच्या एका जुन्या गिऱ्हाइकाकडे रव्याऐवजी साबूदाण्याचा कट्टा गेला होता. गिऱ्हाईक फोनवर संतापले आणि काकांनी तो सगळा संताप आबांवर काढला. भर दुकानात, दहा माणसांसमोर, “वय झालं, आता घरी बसा” असे शब्द त्यांच्या तोंडून गेले. आबा काही बोलले नाहीत. मदतीला आलेल्या नातवाला घेऊन ते निघून गेले.

त्यानंतर संवत्सरी झाली. काकांनी उपवास केला, प्रतिक्रमण केले. षष्ठीच्या सकाळी उठल्याबरोबर त्यांनी क्षमापनेचा सुंदर सचित्र संदेश तीनशेहून अधिक जणांना फोनवरून पाठविला. मुंबईचे दलाल, पुण्याचे व्यापारी, सनदी लेखापाल, दूरचे नातलग, कोणीही सुटले नाही.

दुपारी गर्दी ओसरली, तेव्हा हिशेब जुळविताना पुतण्याने तारेला अडकविलेल्या चिठ्ठ्या काढल्या. त्यांत चतुर्थीची ती चिठ्ठी निघाली. तीवर काकांच्याच अक्षरात स्पष्ट लिहिलेले होते, “साबूदाणा, १ कट्टा.” आबांनी चिठ्ठीप्रमाणेच माल पोहोचविला होता. पुतण्याने काही न बोलता ती काकांपुढे ठेवली. काकांनी ती दोनदा वाचली.

एवढ्यात वरून नात खाली आली. सगळ्यांना वाकून क्षमापना करीत ती काकांपाशी पोहोचली आणि सहज म्हणाली, “काका, तुमचा मेसेज छान होता. आबांना पाठवला का?”

“आबांचा फोन साधा आहे, बेटा. त्यात चित्र येत नाही.”

“मग त्यांना कसं सांगणार?”

काकांनी चिठ्ठी खिशात घातली. ती दाखवून वाद मिटविण्याची गरज नव्हती, कारण वाद आबांनी घातलाच नव्हता. पाचच्या सुमारास ते दुचाकी काढून गावाबाहेरच्या वस्तीवर गेले.

आबांच्या अंगणात शेणाचा ताजा सडा घातलेला होता. लेक गौरीसाठी माहेरी आली होती. काकांना पाहताच आबा उठले आणि त्यांनी बाजेवरची चादर सारखी केली. काका बसले नाहीत. “आबा, चिठ्ठी माझी चुकली होती. तुमचा काही दोष नव्हता. मला क्षमा करा,” ते म्हणाले.

आबा थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, “शेठ, माझी चूक असती तरी मी ऐकून घेतलं असतं. मालकाचं बोलणं अंगाला लावून घ्यायचं नसतं. पण पोरासमोर बोललात. त्याला वाटलं, आजोबाला काही येत नाही.”

नातू दाराच्या चौकटीला टेकून उभा होता. काकांनी त्याला जवळ बोलाविले, चिठ्ठी त्याच्या हातात दिली आणि मोठ्याने वाचावयास सांगितली. मुलाने अक्षर अक्षर लावून वाचले. “हे कोणी लिहिलं?” त्याने विचारले.

“मी,” काका म्हणाले. “तुझ्या आजोबांनी लिहिलं होतं तेच नेलं. चुकलो मी, आणि बोललो त्यांना.”

मुलाने आजोबांकडे पाहिले. आबांनी नजर वळवली आणि लेकीला चहा टाकण्यास सांगितले. सूर्य कलला होता. आता चहासाठी थांबले, तर घरी पोहोचून सूर्यास्तापूर्वी जेवणे शक्य नव्हते. काका बाजेवर बसले आणि त्यांनी चहा घेतला.

घरी सगळ्यांची जेवणे उरकली होती. सुनेने ताट झाकून ठेवले होते, पण दिवेलागण झाली होती आणि काकांचा चौविहार होता. ताट तसेच उचलले गेले. दादींनी विचारले, “कुठं गेला होतास? उपाशीच राहिलास ना?”

“नाही, आई,” काका म्हणाले. “आबांकडे चहा घेऊन आलो.”

दादींनी पुढे काही विचारले नाही. दुसऱ्या दिवशी आबांच्या घरी गौरी होत्या, म्हणून आबा आले नाहीत, आणि त्यांनी तसा निरोप धाडला होता. तिसऱ्या दिवशी शटर वर होण्यापूर्वीच ते पायरीवर बसलेले होते. धाकट्या शेठनी त्या दिवसापासून एक नियम धरला आहे. मालाची चिठ्ठी लिहून झाली की ती आबांना वाचून दाखवावयाची, आणि मगच कट्टा पाठीवर द्यावयाचा.

तीनशे जणांना संदेश पाठविण्यास एक क्षण पुरतो. ज्याला दुखावले त्याच्या अंगणात जाण्यास एक जेवण खर्ची पडले. ‘मिच्छामि दुक्कडम्’, म्हणजे माझे दुष्कृत मिथ्या होवो, हे शब्द दोन्ही ठिकाणी तेच असतात. या वर्षी आपल्या घरातून ते किती दारांपर्यंत चालत गेले, हे ज्याने त्याने आपल्या वहीत पाहावे.