विश्लेषण : लॅक्रोसमध्ये आखूड स्टिकवाल्यालाच का गाठतात?

ऑक्टोबर २०२३ मध्ये मुंबईत आंतरराष्ट्रीय ऑलिम्पिक समितीचं अधिवेशन झालं आणि २०२८ च्या लॉस एंजेलिस ऑलिम्पिकमध्ये क्रिकेट आलं. आपल्याकडे जल्लोष त्याचाच झाला. पण त्याच निर्णयात लॅक्रोसही होतं. टोकाला जाळी असलेल्या स्टिकने बॉल झेलायचा, फेकायचा, गोल मारायचा, असा हा खेळ. अमेरिकेतल्या कॉलेजांमध्ये तो जोरात चालतो. तिथलं आक्रमण कसं विचार करतं हे क्रिकेट बघणाऱ्याला पटकन कळेल: चार चांगले बॉलर सांभाळून खेळायचे आणि पाचव्याला ठोकायचं.

हा पाचवा बॉलर नियमातूनच तयार होतो. पुरुषांच्या कॉलेज लॅक्रोसमध्ये संघात १० जण असले, तरी गोलजवळ प्रत्यक्ष लढत होते सहा विरुद्ध सहा, शिवाय गोलकीपर. आखूड स्टिक ४० ते ४२ इंचांची, लांब ५२ ते ७२ इंचांची. गोलकीपर सोडला तर एका संघाला लांब स्टिक चारच मिळतात. म्हणजे बचाव करणाऱ्या सहांपैकी दोघांच्या हाती आखूड स्टिक उरते.

सहा फुटी काठीवाला समोरच्याला दूर ठेवूनच त्याच्या स्टिकवर फटके मारू शकतो. आखूडवाल्याला अंगाशी जावं लागतं, आणि एका हुलकावणीत तो मागे पडतो.

तेव्हा आक्रमणाचा पहिला प्रश्न एकच: ते दोघं कुठे उभे आहेत? साधारणपणे ते मिडफिल्डरांवर असतात. मग तो मिडफिल्डर मुद्दाम गोलच्या मागे जातो. लॅक्रोसमध्ये गोलच्या मागेही १५ यार्ड मैदान असतं. आखूड स्टिकवाल्याला त्याच्यामागे जावंच लागतं आणि सवय नसलेल्या जागी बचाव करावा लागतो. लांब काठीवाले मात्र वर, गोलपासून लांब खेचले जातात.

दुसरी युक्ती अडसराची. ज्याच्यावर लांब काठी आहे तो हुकमी खेळाडू बॉल घेऊन निघतो आणि आखूड स्टिकवाल्याचा गडी वाटेत अडसर म्हणून उभा राहतो. बचावपटूंनी गडी बदलले, तर हुकमी खेळाडूसमोर आखूड स्टिक येते. नाही बदलले, तर त्याचा डिफेंडर अडसरात अडकतो.

काही प्रशिक्षक याहून सरळ काम करतात: आपला अव्वल अटॅकमन थेट मिडफिल्डला उतरवतात. लांब काठी त्याच्यामागे गेली, तर मागे दुसऱ्या कुणासमोर तरी आखूड स्टिक उरतेच. पांघरूण लहान असलं की डोकं झाकलं तर पाय उघडे!

बचावही हे ओळखून असतो. आखूड स्टिकवाला हरणार असं धरूनच शेजारचा मदतीला धावतो. याला ‘स्लाइड’ म्हणतात. खरं तर आक्रमणाला तेच हवं असतं, कारण धावून आलेल्याचा गडी मोकळा सुटतो. बॉल दोन पासमध्ये तिथे पोचला की गोल.

म्हणून काही संघ झोन लावतात, म्हणजे गड्यामागे न जाता जागा राखतात. इथे मात्र एकट्याने घुसणं बहुतेक वेळा वाया जातं. बॉल झपाट्याने फिरवायचा, दोन बचावपटूंच्या मधल्या फटीत उभं राहायचं आणि लांबून मारायचं.

हुकमी खेळाडूला बॉलच मिळू द्यायचा नाही, हा आणखी एक उपाय. २०२५ च्या अंतिम सामन्यात कॉर्नेलने मेरीलँडला १३-१० ने हरवलं, त्यात सीजे कर्स्टचे सहा गोल होते. असा माणूस समोर असला की हा मोह होणारच. पण आक्रमणाचं उत्तर सोपं आहे: तो खेळाडू दूर कोपऱ्यात जाऊन उभा राहतो, आपल्या पहारेकऱ्याला घेऊन. बाकीच्या पाचांना ऐसपैस जागा मिळते.

हे सगळं करायला वेळ बेताचाच. २०१९ पासून ८० सेकंदांचा शॉट क्लॉक आहे. त्याआधी मनासारखी जोडी जुळेपर्यंत मिनिटं घालवता यायची.

ऑलिम्पिकमध्ये मात्र ‘सिक्सेस’ हा प्रकार असेल: गोलकीपरसह सहाच खेळाडू, ३० सेकंदांचा क्लॉक आणि लांब स्टिक नाहीच. बदली बचावपटू उतरवायलाही फारशी उसंत नसते, त्यामुळे गोल मारणाऱ्यालाच मागे धावून बचाव करावा लागतो. तिथे आक्रमण आखूड स्टिक शोधणार नाही. ज्याला बचाव जमत नाही, असा समोरचा गोल मारणाराच शोधेल.