सतरा सप्टेंबरचा एक तास



मुगाची रास घरात येते, सोयाबीनच्या शेंगा भरू लागतात आणि तेवढ्यात १७ सप्टेंबर उजाडतो. झेंडावंदनाच्या तयारीला माणसे मागितली, की उत्तर ठरलेले : "मास्तर बघतील, आम्हाला रानात जायचंय." त्यात खोटे काही नाही. पाऊस कधी येईल याचा नेम नसतो. तरीही तुमच्या घरातून एक माणूस आणि एक तास मी मागणार आहे.

हा दिवस कशाचा, हे घरातल्या लेकरांना एकदा विचारून बघा. १५ ऑगस्ट १९४७ ला देश स्वतंत्र झाला, तेव्हा आपला मराठवाडा निजामाच्या हैदराबाद संस्थानातच होता. तिरंगा लावणाऱ्याला तुरुंग दाखवला जाई. रझाकारांचा पुढारी कासीम रझवी तर आपल्या लातुरातलाच वकील. स्वामी रामानंद तीर्थ यांच्या नेतृत्वाखाली लोक लढले. १३ सप्टेंबर १९४८ ला भारताची फौज संस्थानात शिरली आणि १७ तारखेला निजामाने हार मानली. आपले स्वातंत्र्य तेरा महिने उशिरा आले, ते असे.

हा लढा एका राजवटीशी होता, शेजाऱ्याशी नव्हता, हेही लेकरांना सांगा. निजामाच्या धोरणाविरुद्ध लिहिले म्हणून 'इमरोज'चे संपादक शोएबुल्ला खान यांचा ऑगस्ट १९४८ मध्ये हैदराबादेत खून झाला. त्यांची आठवणही याच दिवसाची आहे.

आता आमची एक चूक सांगतो. मागे एका वर्षी रेणापुरात मी या कार्यक्रमाला स्वयंसेवक होतो. मांडव, हार, फेटे, कर्णा, सगळे जागच्या जागी होते. पाहुणे तासभर उशिरा आले. पोरे उपाशीपोटी उन्हात उभी होती. एक मुलगी भोवळ येऊन पडली. पाणी शोधायला धावलो, तर माठ भरायचे काम कुणाकडेच दिलेले नव्हते!

त्या पोरीला सावलीत नेले, तेव्हा भिंतीला टेकून जमिनीवर बसलेल्या एका आजींनी तिचे डोके मांडीवर घेतले. पदराने वारा घालता घालता त्या बोलू लागल्या. आठ-नऊ वर्षांच्या असताना रझाकारांच्या भीतीने त्यांच्या घरच्यांनी रातोरात बैलगाडी जुंपून बार्शीची वाट धरली होती. आवाज होऊ नये म्हणून बैलांच्या गळ्यातल्या घुंगरमाळा काढून ठेवल्या होत्या. पोरीला बरे वाटले, तरी ती उठेना. ऐकतच राहिली. मांडवात पाहुण्यांसाठी खुर्च्या होत्या, आजींसाठी मात्र आम्ही एकही ठेवली नव्हती.

तेव्हापासून आम्ही कामे आदल्या संध्याकाळीच वाटून घेतो. एकजण दोरी तपासतो आणि ओढताच सुटेल अशी गाठ दोनदा बांधून बघतो. केशरी पट्टा वर आहे ना, ध्वज कुठे फाटलेला नाही ना, हे दुसरा बघतो. आपल्याच भागात उदगीरला ध्वजाची खादी विणली जाते आणि नांदेडला ध्वज तयार होतात, तेव्हा चांगला ध्वज मिळायला अडचण नसते. बायामंडळी माठ भरून सावलीत ठेवतात आणि लेकरांना घरून भाकरी खाऊनच पाठवतात. पाहुणे आले नाहीत, तर ठरल्या वेळी गावातल्या सर्वांत वडीलधाऱ्या माणसाच्या हातून झेंडा चढतो. कार्यक्रमानंतर दोन पोरे जमिनीवर पडलेले कागदी झेंडे वेचतात, कारण पायदळी आलेला झेंडा हा अपमानच. संध्याकाळी ध्वज उतरवून, नीट घडी घालून ठेवीपर्यंत एकजण थांबतो.

आणि भाषणे आवरती घेऊन दहा मिनिटे जुन्या माणसांसाठी राखतो. त्यांना पहिल्या रांगेत खुर्ची आणि हातात कर्णा! १९४८ साल डोळ्यांनी पाहिलेली माणसे आता गावागावांत बोटावर मोजण्याइतकी उरली आहेत. रानातला मूग पुढच्या साली पुन्हा येईल, ही माणसे पुन्हा यायची नाहीत.

गाव करी ते राव न करी, असे आपणच म्हणतो. मग या सतरा तारखेला तुमच्या घरातून कोण येणार, ते आज रात्री जेवताना ठरवा. घरात कुणी आजी-आजोबा असतील, तर त्यांच्यापाशी लेकरांना आजच बसवा. असो. पुढच्या आठवड्यात भेटूच.