दुसऱ्या खेपेची धास्ती

प्रसूतिगृहातील केसपेपरवर डॉक्टर अथवा परिचारिका एक त्रोटक नोंद करतात : जी-टू, पी-झिरो, ए-वन. म्हणजे गर्भारपण दुसरे, प्रसूती एकही नाही, गर्भपात एक. वैद्यकशास्त्राच्या दृष्टीने ही नोंद पुरेशी आहे. वजन, रक्तदाब, हिमोग्लोबिन यांचे रकाने पुढे रीतसर भरले जातात. परंतु त्या 'ए-वन'ने मागे काय ठेवले आहे, ते लिहिण्यास त्या कागदावर रकाना नाही, आणि विचारण्याची कोणाला सवडही नाही.

पहिला गर्भ टिकला नाही आणि पुन्हा दिवस गेले, की त्या स्त्रीचे गर्भारपण इतरांसारखे राहत नाही. न्हाणीघरात जाताना प्रत्येक वेळी रक्त तर दिसणार नाही ना, या शंकेने तिची छाती धडधडते. मळमळ थांबली की अन्य बायका सुटकेचा निःश्वास टाकतात. तिला मात्र ते अशुभाचे लक्षण वाटते. मागच्या वेळी ज्या आठवड्यात घात झाला तो आठवडा जवळ येऊ लागला की झोप उडते, आणि तो सुखरूप पार पडला तरी धास्ती संपत नाही, पुढच्या तपासणीच्या तारखेपर्यंत ती सरकते इतकेच. आनंद झाला तरी तो दाखवायचा नाही, कारण मागे दाखवला होता.

या भीतीवर आपल्या घरांत दोनच उपाय चालत आले आहेत : मौन आणि मनाई. तीन महिने पुरे होईपर्यंत बाहेर बोलू नये, ही रीत सर्वपरिचित आहे. तिच्या मुळाशी अनुभव आहे, हे नाकारता येणार नाही. बहुतेक गर्भस्राव पहिल्या बारा आठवड्यांतच होतात. परंतु या मौनाची किंमत बाईलाच मोजावी लागते. जे घडणार होते ते कोणास ठाऊक नव्हते, म्हणून जे गेले त्याबद्दल समाचाराला कोणी येत नाही. मृत्यू झाला की दहा दिवस घर भरलेले असते. येथे चौथ्या दिवशी ती कचेरीत वा वर्गावर हजर असते आणि 'बरे नव्हते' एवढेच सांगते.

मनाईचा प्रकार याहून वाईट. पपई खाऊ नकोस, जिना चढू नकोस, दुचाकीवर बसू नकोस, पाण्याची कळशी उचलू नकोस. सासूबाईंच्या मनात माया असेल, बहुधा असतेच. पण प्रत्येक मनाईच्या पोटात एक आरोप दडलेला असतो. मागच्या खेपेला तू हे केलेस म्हणून तसे झाले, असा तो आरोप. ती तो निमूटपणे स्वीकारते आणि रात्री मागच्या दिवसांचा हिशेब मांडत बसते. आपली भाषाही तिच्या मदतीस येत नाही. आयुर्वेदाने पहिल्या चार महिन्यांतील 'गर्भस्राव' आणि पाचव्या-सहाव्या महिन्यातील 'गर्भपात' असा भेद केला होता. आज आपण आपोआप गेलेल्या आणि मुद्दाम पाडलेल्या गर्भाला सरसकट एकच शब्द लावतो, आणि ज्या बाईने तो गर्भ जिवापाड जपला होता तिच्या कागदावरही तोच उमटतो.

वास्तविक या बाबतीत शास्त्राला जे ठाऊक आहे ते सांत्वनापेक्षा अधिक उपयोगी आहे. 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकाने २०२१ साली प्रसिद्ध केलेल्या लेखमालेनुसार, निदान झालेल्या गर्भधारणांपैकी सुमारे पंधरा टक्के अशा रीतीने संपतात. जगभरात वर्षाला सुमारे २ कोटी ३० लाख. आरंभीच्या आठवड्यांत गेलेल्या गर्भांपैकी निम्म्याच्या आसपास गर्भांत गुणसूत्रांचा दोष आढळतो. तो दोष बीज आणि बीजांड यांच्या मीलनाच्या सुमारासच ठरून गेलेला असतो. जिन्याचा, रोजच्या घरकामाचा किंवा मनातल्या भीतीचा त्याच्याशी संबंध नाही. महिनोन्‌महिने अंथरुणावर पडून राहिल्याने गर्भ टिकतो, यालाही पुरावा मिळालेला नाही. आणि एकदा असे घडलेल्या स्त्रियांपैकी बहुसंख्य स्त्रियांची पुढची खेप सुखरूप पार पडते. हे सर्व पहिल्या दुर्घटनेनंतर दवाखान्यातून घरी पाठवतानाच, पतीसमक्ष आणि शक्य तर सासूसमक्ष सांगितले गेले पाहिजे.

मात्र 'यंदा काही होणार नाही' असे वचन कोणीही देऊ नये. एकदा तोंड पोळलेल्या बाईला ते वचन पोकळ आहे हे कळते. तसेच रक्तस्राव किंवा तीव्र वेदना यांची बोळवण 'मनाचे खेळ' म्हणून करणे हा अपराध होय. वारंवार गर्भ गेले असतील तर थायरॉइड, मधुमेह, रक्तात गुठळ्या होण्याची प्रवृत्ती यांच्या तपासण्या आवश्यकच आहेत.

नॉर्वेतील एका वैद्यक दांपत्याने १९८४ साली या संदर्भात लक्षणीय निरीक्षण नोंदवले. वारंवार गर्भस्राव होऊनही कारण न सापडलेल्या ज्या स्त्रियांना पुढील गर्भारपणात नियमित भेटी, सल्ला आणि मानसिक आधार मिळाला, त्यांच्यापैकी ८६ टक्के खेपा यशस्वी झाल्या. तो न मिळालेल्यांत हे प्रमाण ३३ टक्के होते. स्त्रियांची संख्या थोडी होती आणि गटांची विभागणी चिठ्ठ्या टाकून केलेली नव्हती, त्यामुळे आपुलकीने गर्भ वाचतो असा निष्कर्ष त्यातून काढणे धाडसाचे ठरेल. आपुलकीने आई सावरते, एवढे म्हणण्यास मात्र शास्त्रज्ञाची साक्ष लागू नये. लवकर केलेली सोनोग्राफी, ठरल्या दिवशीची भेट, दर वेळी शक्यतो तोच डॉक्टर, आणि मधल्या काळात शंका आली तर कोणाकडे जायचे याचे स्पष्ट उत्तर, यांपैकी एकाही गोष्टीला मोठा खर्च नाही.

प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियान २०१६ साली सुरू झाले आणि दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी आरोग्यकेंद्रांत गर्भवतींची डॉक्टरकडून तपासणी होण्याची सोय झाली. ही मोठीच गोष्ट आहे. जोखमीच्या मातेच्या कार्डावर त्या वेळी लाल खूणही केली जाते. पण ती लाल खूण घेऊन घरी गेलेली बाई रात्रभर काय विचार करते, याचा विचार या अभियानाने करावयास हवा. 'झोप लागते का? कशाची भीती वाटते?' हे दोन प्रश्न आशा सेविकेलाही विचारता येतील. झोप, जेवण, काम यांपैकी काहीच सुरळीत राहिले नसेल, तर तो आजार समजून उपचार करावेत. समुपदेशन आहे, गर्भारपणात डॉक्टरच्या देखरेखीखाली देता येतील अशी औषधेही आहेत. मनाच्या आजारावर आधीपासून औषध चालू असेल तर ते परस्पर बंद करणे धोक्याचे असते. २०२२ पासून 'टेलिमानस'च्या १४४१६ या क्रमांकावर मराठीतूनही बोलता येते; हा क्रमांक प्रत्येक प्रसूतिगृहाच्या भिंतीवर लिहिण्यास अडचण कोणती?

राहता राहिला प्रश्न रजेचा. गर्भपातानंतर सहा आठवड्यांची पगारी रजा १९६१ च्या मातृत्व लाभ कायद्याने दिली आणि २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेने ती कायम ठेवली. केंद्र सरकारच्या कर्मचारी स्त्रीला मात्र या कारणासाठी संपूर्ण सेवाकाळात मिळून ४५ दिवस मिळतात. हा आकडा ठरवणाऱ्यांनी असे दुःख आयुष्यात साधारणपणे एकदाच येते असे गृहीत धरले असावे. दुसऱ्यांदा ते आले, तर तिने अर्जित रजा खर्ची घालावी! न्यूझीलंडने २०२१ मध्ये अशा प्रसंगी तीन दिवसांची पगारी शोकरजा मंजूर केली आणि ती पतीलाही लागू केली. तीन दिवस फारसे नव्हेत, पण बापाचेही काही गेले आहे, ही कबुली त्यात आहे. आपल्याकडे तो दुसऱ्या दिवशी लोकल पकडतो.

केंद्राचा नियम बदलेल तेव्हा बदलेल. तो बदलावा, आणि ४५ दिवसांची गणना सेवाकाळावर न होता प्रत्येक प्रसंगानुसार व्हावी. परंतु दुसऱ्या खेपेच्या पहिल्या तीन महिन्यांत तपासणीसाठी अर्धा दिवस मागणाऱ्या शिक्षिकेला मुख्याध्यापकांपुढे, वा कारकून स्त्रीला हेडक्लार्कपुढे, सर्व टेबलांना ऐकू जाईल अशा आवाजात कारण सांगावे लागते, ते थांबवण्यास कोणत्याही दुरुस्तीची वाट पाहावी लागत नाही. अर्जावर 'वैद्यकीय तपासणी' असे दोन शब्द असले, की त्याखाली सही करता येते.