व्हिसा मिळाल्यानंतरचं ऑफिस

संपादक महोदय,


आपल्या शिक्षण पुरवणीत परदेशी शिक्षणावर भरभरून छापून येतं. कुठलं विद्यापीठ कितव्या क्रमांकावर, कर्जाचा व्याजदर किती, मुलाखतीला काय घालून जावं. मुलगा तिकडे उतरल्यावर अडला तर कोणाकडे जायचं, यावर मात्र चार ओळी नसतात.

कुर्ला पश्चिमेला स्टेशनबाहेर बीकेसीच्या शेअर रिक्षांसाठी सकाळी जी गर्दी असते, तीत व्हिसावाली मुलं लगेच ओळखू येतात. कडक इस्त्रीचा शर्ट, छातीशी धरलेली प्लास्टिकची फाइल आणि सोबत आई किंवा बाप. २०११ साली अमेरिकी वकिलात ब्रीच कँडीहून बीकेसीत आली आणि ही रांग आमच्या दारात आली. आत बॅग आणि मोबाइल नेता येत नाही, म्हणून बाप ते सांभाळत बाहेर उन्हात उभा. व्हिसा मिळाला की पेढे वाटतात आणि घरादाराला वाटतं, सुटलो.

सुटलेले नसतातच. अमेरिकेतल्या विद्यापीठांत परदेशी विद्यार्थ्यांसाठी इंटरनॅशनल ऑफिस असतं. तिथल्या अधिकाऱ्याला डीएसओ म्हणतात. ज्या आय-ट्वेंटीच्या जोरावर व्हिसा मिळतो, तो कागद त्याच्या सहीने निघतो. घर बदललं तर १० दिवसांत कळवायचं, सुट्टीत मुंबईला येण्याआधी प्रवासाची सही घ्यायची, शिक्षण संपल्यावर नोकरीसाठी ओपीटीची शिफारस मागायची, हे सगळं त्याच्याच टेबलावर. कन्सल्टन्सीवाला, न्यू जर्सीचा मावसभाऊ आणि व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप या तिघांनाही तो अधिकार नाही. सल्ला मात्र त्या तिघांचाच घेतला जातो.

शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये, हे आपण मुलांच्या मनावर इतकं बिंबवलंय की ऑफिस म्हटलं की त्यांच्या पोटात गोळा येतो. 'त्यांना कळलं तर परत पाठवतील.' आमच्या इमारतीतल्या एका मुलाला तिकडे दुसऱ्या सत्रात कावीळ झाली. ग्रुपवर कोणीतरी लिहिलं, 'एक सब्जेक्ट ड्रॉप कर, काही होत नाही.' त्याने ड्रॉप केला. क्रेडिट किमान मर्यादेच्या खाली गेले आणि विद्यार्थी म्हणून असलेली त्याची नोंदच बंद झाली. पुढे वकील, पूर्ववत करून घेण्याचा अर्ज, आणि इकडे वडिलांनी काढलेला पीएफ. आजारपणात डॉक्टरचं पत्र दाखवून कमी विषय घेण्याची मुभा नियमातच आहे आणि ती डीएसओच देतो. पण आधी विचारलं तर. विषय सोडून झाल्यावर त्याचेही हात बांधलेले असतात.

ही माणसं काही देवदूत नाहीत, हेही सांगायला हवं. ईमेलचं उत्तर कधी आठवड्याने येतं, कधी 'वकिलाला विचारा' एवढंच येतं. सरकारला माहिती कळवणं हाही त्यांच्या कामाचा भाग आहे, त्यामुळे पेट्रोल पंपावर चोरून काम करणाऱ्याने त्यांच्याकडून पांघरूण घालण्याची अपेक्षा ठेवू नये. ब्रिटनमध्ये तर विद्यापीठाचा स्वतःचा परवाना पणाला लागलेला असतो, म्हणून वर्गातल्या गैरहजेरीची दखल घ्यावीच लागते. तरीही एप्रिल २०२५ आठवा. अमेरिकी सरकारने हजारो विद्यार्थ्यांच्या सेव्हिस या यंत्रणेतल्या नोंदी एकाएकी रद्द केल्या. बऱ्याच मुलांना ते कळलं, ते इंटरनॅशनल ऑफिसने स्वतःहून नोंदी तपासल्या म्हणून. मुलं कोर्टात गेली आणि महिना संपायच्या आत सरकारला नोंदी पूर्ववत करू म्हणावं लागलं. ऑफिसच्या हातात निर्णय नव्हता, हे कबूल. पण धावपळीला मिळालेला वेळ त्या ऑफिसमुळे मिळाला.

राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्तीवर जाणाऱ्या मुलांना तर हे अधिक लागू आहे. त्यांच्या घरी काढायला पीएफ नसतो. हप्ता लांबला की फी थकते आणि मूल लाजेने गप्प बसतं. वास्तविक शिष्यवृत्ती मंजूर झाल्याचं सरकारी पत्र घेऊन वेळेत भेटलं, तर विद्यापीठाकडे मुदत तरी मागता येते. १९१७ साली बडोद्याच्या शिष्यवृत्तीची मुदत संपल्याने बाबासाहेबांना लंडनमधलं शिक्षण अर्धवट टाकून परतावं लागलं, पण निघण्यापूर्वी त्यांनी प्रा. एडविन कॅनन यांच्या मदतीने चार वर्षांच्या आत परत येऊन अभ्यास पुढे चालू ठेवण्याची परवानगी मिळवली होती. १९२० साली ते गेले आणि १९२३ साली डी. एस्सी. झाले. त्या काळी असली ऑफिसं नव्हती, एक भला प्राध्यापक होता. आज अख्खं ऑफिस आहे, त्याचा खर्च आपल्याच फीतून निघतो, आणि आपण मावसभावाला फोन लावतो.

तेव्हा मागणी साधी आहे. कुर्ल्यापासून ठाण्यापर्यंत हॉल भाड्याने घेऊन सेमिनार करणाऱ्या कन्सल्टन्सींनी आणि समाजकल्याण खात्याने मूल निघण्यापूर्वी त्याच्या विद्यापीठातल्या या ऑफिसचा ईमेल आणि भेटीच्या वेळा त्याला व पालकांना लेखी द्याव्यात. आणि आपल्या पुरवणीने पुढच्या अंकात मुलाखतीच्या कपड्यांची जागा या विषयाला द्यावी.

आपला,
एक पालक
नेहरूनगर, कुर्ला (पूर्व)