भाड्याचा रकाना

नारायणगावात २२ हजार मिळतात, हिंजवडीत ३८ देतो म्हणतात. जावे की नाही? जुन्नर-आंबेगावातल्या अनेक घरांत हा प्रश्न जेवणाच्या ताटावर येतो आणि बहुतेक वेळा हात धुवायच्या आत सुटतोही. ३८ मधून २२ गेले, १६ उरले. महिन्याला १६ हजार कोण सोडतो? वजाबाकी बिनचूक आहे. अडचण एवढीच, की हे दोन आकडे एका जातीचे नाहीत.

गावातल्या २२ हजारांतून घरभाडे जात नाही. दूध गोठ्यातले, बाजरी घरची, कांदा-लसूण माळ्यावरचा, आणि पोर सांभाळायला आजी. याचे बिल कोणी करत नाही, म्हणून ही मिळकत आहे हेच लक्षात येत नाही. हा विसर केवळ आपल्याला पडतो असेही नाही. २०१२ हे पायाभूत वर्ष धरून केंद्र सरकारने जो ग्राहक किंमत निर्देशांक चालवला, त्यात शहरी भागासाठी घराला २१.६७ टक्के भार होता. ग्रामीण भागासाठी तो रकानाच नव्हता. खेड्यात माणूस बहुधा स्वतःच्या घरात राहतो, भाड्याचा बाजार जवळपास नसतो, मग भाव टिपायचा कशाचा? शिवाय निर्देशांक एका ठिकाणी महागाई काळाबरोबर किती वाढली ते सांगतो. मंचरपेक्षा पुणे किती महाग, हे त्याच्याकडून कळत नाही, पण चर्चेत सर्रास तसा अर्थ काढला जातो.

स्वतःच्या नोकरांपुरता हा रकाना सरकारने मात्र नीट आखला आहे. केंद्राच्या कर्मचाऱ्यांना घरभाडे भत्ता देताना गावांचे एक्स, वाय, झेड असे वर्ग पाडतात. मुंबई एक्स, २०११ च्या जनगणनेनंतर पुणेही त्या वर्गात गेले, नाशिक वाय, मंचर, जुन्नर, नारायणगाव झेड. महागाई भत्ता ५० टक्क्यांवर पोहोचल्यावर, जानेवारी २०२४ पासून, सातव्या वेतन आयोगाच्या तक्त्यात या वर्गांचे दर मूळ वेतनाच्या ३०, २० आणि १० टक्के झाले. मूळ वेतन ३५,४०० रुपये असलेल्या माणसाला पुण्यात १०,६२० आणि मंचरला ३,५४० रुपये. फरक ७,०८० रुपयांचा. तेवढ्यात मंचरच्या जागेएवढी जागा पुण्यात मिळते का, हे ज्याने जागा शोधली आहे त्याला विचारावे. तरी निदान फरक मान्य केलेला आहे. खासगी नोकरीत तेवढीही सक्ती नसते. किमान वेतनाचे दर राज्यात परिमंडळांनुसार वेगळे आहेत खरे, पण परिमंडळा-परिमंडळांतला फरक भाड्यातल्या फरकाच्या आसपासही जात नाही.

आता ते ३८ हजार उलगडून पाहू. आकडे मासल्याचे आहेत, प्रत्येकाने आपले घालावेत. नेमणुकीच्या पत्रातली रक्कम म्हणजे कंपनीला पडणारा एकूण खर्च. त्यात भविष्य निर्वाह निधीतला कंपनीचा वाटा असतो आणि आपलाही वाटा पगारातून कापला जातो. १५ हजारांच्या मर्यादेवर १२ टक्क्यांनी हे प्रत्येकी १,८०० रुपये. २०० रुपये व्यवसाय कर. हातात पडले ३४,२००; उपदानाची रक्कमही पत्रात धरलेली असेल तर आणखी कमी. वाकड-मोशीकडे बायको-मुलासह राहायला १४ हजारांची जागा घेतली, सोसायटीची देखभाल आणि वीज मिळून दीड हजार जादा, जाण्या-येण्याचे दोन हजार जादा, आणि घरून येणारे धान्य, दूध, भाजी आता विकत घ्यायची म्हणून पाच हजार जादा. उरले ११,७००. गावातल्या २२ हजारांशी लावून पाहायचा आकडा हा. १६ हजारांचा फायदा म्हणून जे दिसत होते, ते महिन्याला १०,३०० रुपयांचे तुटीचे खाते निघाले. निर्वाह निधीत जमणारे ३,६०० परत मिळवले तरी तूट पुरती भरत नाही.

हाच हिशेब एकट्या पोराचा केला तर उत्तर उलटते. चौघांत एक जागा, मेसचा डबा, दर पंधरवड्याला गावी येऊन बाजरीचे पीठ आणि लोणच्याची बरणी नेणे: त्याच्यापाशी गावातल्यापेक्षा नक्की जास्त उरते. एकच पगार, एकच शहर, आणि अविवाहिताला परवडते ते संसारी माणसाला परवडत नाही. आपल्या भागाने हे शंभर वर्षांपूर्वीच ओळखले होते.

मुंबईचे डबेवाले मावळ, खेड, आंबेगाव, जुन्नर या पट्ट्यातले; १८९० च्या सुमारास सुरू झालेला हा धंदा आजही इथल्या माणसांवर चालतो. गिरण्यांत, गोदीत, भाजीच्या घाऊक बाजारात इथलीच माणसे होती. १९९० च्या दशकात भाजीबाजार भायखळ्याहून वाशीला गेला, तशी माणसेही तिकडे सरकली. माथाडींना १९६९ च्या कायद्याने संरक्षण मिळाले, पण त्याही आधी ती मुंबईत टिकली, ती बिऱ्हाड गावी ठेवल्यामुळे. गावकीची एक खोली, तिच्यात पाळ्यांप्रमाणे झोपणारी माणसे, कोणाच्या तरी हातची खानावळ, पेटी ठेवायला भिंतीकडेची हातभर जागा. १९४७ च्या भाडे नियंत्रण कायद्याने चाळींची भाडी जवळजवळ गोठली, तेही पथ्यावर पडले. खानावळी चालवणाऱ्या बायकांसाठी प्रेमा पुरव यांनी १९७५ मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ उभे केले, यावरून हा व्यवहार केवढा मोठा होता ते कळते.

या व्यवस्थेचे गोडवे गाताना आपण एक गोष्ट गिळतो. मुंबईतला खर्च वाचला तो नाहीसा झाला नव्हता, तो गावातल्या बायकांच्या अंगावर पडला होता. नांगरटीपासून सासऱ्याच्या औषधापर्यंत सगळे त्यांनी ओढले आणि मनीऑर्डरच्या पावतीवर त्यांचे काम कधी लिहिले गेले नाही. तरीही गावचे दार उघडे राहण्याला मोल होते. १८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा संप सुरू झाला आणि मिटलाच नाही, तेव्हा कित्येक जण याच दारातून परत आले. मार्च २०२० मध्ये त्यांची नातवंडे आली. ज्या मुंबईकराने यात्रेची वर्गणी कधी चुकवली नव्हती, त्याला परत येताना फारसे अवघडल्यासारखे झाले नसेल.

आजची सून पाच-दहा वर्षे एकटी गावी थांबायची नाही, आणि तिने थांबावे असे म्हणायला आम्ही धजणार नाही. पण मग जुनी काटकसर हिशेबातून वजा करायला हवी. आजोबा मुंबईत तगले म्हणून नातू पिंपरी-चिंचवडमध्ये तगेल, हा युक्तिवाद तिथेच लंगडा पडतो.

दुसरी बाजूही तितकीच खरी. शहराचा पहिला पगार भाड्यात जातो. शहर हात देते ते दुसऱ्या पगाराने. बायकोला नोकरी मिळाली की वरची तूट एका महिन्यात फिरते, आणि शिकलेल्या बाईला तिच्या शिक्षणाजोगते काम नारायणगावपेक्षा पुण्यात मिळण्याची शक्यता कितीतरी जास्त. एक कंपनी सुटली तर दुसरी चार किलोमीटरवर असते. इथे काय? पतसंस्था, खत-औषधांची दुकाने, दवाखाने, विघ्नहर आणि भीमाशंकर हे दोन साखर कारखाने. मालक बदलून पगार वाढवून घ्यायला दुसरा मालक तरी हवा. खोडदच्या महाकाय दुर्बिणीच्या ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या या खोऱ्यातल्या शांततेसाठी इथे आल्या, आर्वीचे उपग्रह भूकेंद्र १९७१ मध्ये आले. नोकरी गावाकडे येऊ शकते याचे हे दाखले अभिमानाचे आहेत, पण त्यांवर दोन तालुक्यांची पोरे लागत नाहीत.

शेतीचे उत्पन्न जमेस धरणाऱ्यांनी २०२३ चा टोमॅटो आठवावा. त्या जुलैत नारायणगावच्या बाजारात २० किलोच्या क्रेटला दोन हजारांवर भाव गेला. पुढच्या दोनेक महिन्यांत तो कोसळला. दर महिन्याला ठरल्या तारखेला येणाऱ्या पगाराची किंमत अशा घरात आकड्यापेक्षा मोठी असते. म्हणून घरचे धान्य-दूध हिशेबात जरूर धरावे, टोमॅटोचे स्वप्न धरू नये.

मधला मार्ग म्हणून मंचरहून चाकणला रोज ये-जा करणारे अनेक आहेत. बाह्यवळण रस्त्यांनी वाट सोपी केली, चाकणच्या कोंडीने ती पुन्हा लांबवली. भाडे वाचते, रोजचे तीन तास जातात, आणि रात्रपाळीनंतर दुचाकीवर डुलकी लागते.

आणखी एक. ज्या नारायणगावला आपण स्वस्त म्हणतो, ते आहुपे किंवा डिंभ्याच्या वरच्या वाड्यांतल्या आदिवासी कुटुंबाला महागच आहे. भात आणि हिरड्याचा हंगाम सरला की पश्चिमेकडची माणसे बागायती पट्ट्यात उतरतात. नारायणगावच्या मजूर अड्ड्यावर रोज ठरवताना भाड्याचा, राहण्याचा, पोरांच्या शाळेचा विचार त्यांच्याही मनात असतो. त्यांना नेमणुकीचे पत्र मिळत नाही, एवढाच फरक.

पत्र ज्यांना मिळाले आहे त्यांनी रुजू होण्याचा महिना आधी पाहावा. जानेवारीत हजर व्हायचे तर मुलाची शाळा एप्रिलपर्यंत इथे आणि नोकरी तिथे, म्हणजे तीन महिने दोन चुली. त्यात शेतात कांद्याची लागण. जूनमध्ये एवढी ओढाताण होत नाही. कंपनीकडे चार-सहा आठवडे मागण्यात कमीपणा नाही. वाट्याने शेत कोण करणार हे वडिलांनाच नव्हे, आईलाही विचारावे, कारण ते कसायचे ओझे बहुधा तिच्यावर येते. आणि ११ महिन्यांच्या भाडेकरारावर सही करताना तीन महिन्यांचे डिपॉझिट, एक महिना दलालाचा, एक महिना आगाऊ, म्हणजे १४ हजारांच्या जागेला ७० हजार रुपये पहिला पगार पडायच्या आधीच लागतात. ते पतसंस्थेतून काढायचे की कांद्याच्या पट्टीतून, एवढे ठरल्याशिवाय होकार कळवू नये.