‘रिपोर्ट आहे ना, मग पुन्हा तपासणी कशाला?’

छत्रपती संभाजीनगरात जालना, बीड, परभणीकडून रात्री-अपरात्री रुग्ण येतात. कुणी अपघातातलं, कुणी अडलेली बाळंतीण. थोड्याच वेळात एक नातेवाईक मुठीत रक्ताचा बल्ब आणि मागणीची चिठ्ठी घेऊन रक्तपेढीच्या खिडकीशी धावत येतो. शहरातल्या कुठल्याही रक्तपेढीत जा, एक वाक्य हमखास कानावर पडतं: ‘‘साहेब, बी पॉझिटिव्हच आहे. जुना रिपोर्ट आहे आमच्याकडं. बाटली द्या लवकर.’’ आतून उत्तर येतं, पाऊण तास लागेल. मग आवाज चढतात.

त्या नातेवाइकाच्या जिवाची घालमेल मला कळते. पण हाच युक्तिवाद शिकलेसवरलेलेही करतात, म्हणून तो खोडून काढणं भाग आहे.

गट कसा ठरतो ते आधी बघा. रुग्णाच्या पेशींवर दोन रसायनं घालतात: निळं अँटी-ए, पिवळं अँटी-बी. कुठल्या नळीत पेशींच्या गुठळ्या होतात ते पाहायचं. हे फॉरवर्ड ग्रुपिंग. पण तेवढ्यावर गट जाहीर करता येत नाही. रुग्णाचं सिरम माहीत असलेल्या ए, बी आणि ओ पेशींवर घालून उलट बाजूनंही पडताळावं लागतं. दोन्ही उत्तरं जुळली तरच गट. ही उलट तपासणी म्हणजे वेळकाढूपणा वाटत असेल, तर 1952 साल आठवावं. त्या वर्षी डॉ. वाय. एम. भेंडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मुंबईत ‘बॉम्बे’ रक्तगट शोधला. या गटाचं रक्त फॉरवर्डमध्ये हुबेहूब ओ दिसतं. मात्र त्याच्या सिरममधलं अँटी-एच ओ पेशींच्याही गुठळ्या करतं. ओ पेशींची ती एक नळी वगळली, तर त्या माणसाच्या कार्डावर ‘ओ’ छापून येतं, आणि ओ गटाचं रक्त त्याच्या जिवावर बेततं. ज्या महाराष्ट्रात हा गट सापडला, तिथं तरी उलट तपासणीवर कुणी खेकसू नये.

दात्याचं रक्त रुग्णाला जुळतं का हे पाहणाऱ्या कूम्ब्स तपासणीचंही तसंच. पेशी नीट धुतल्या गेल्या नाहीत, तर मागं राहिलेलं सिरम कूम्ब्सचं रसायन निकामी करतं आणि नळीत काहीच दिसत नाही. ‘काहीच दिसत नाही’ याचा अर्थ मात्र ‘रक्त जुळतं’ असा लावला जातो! म्हणून प्रत्येक निगेटिव्ह नळीत शेवटी अँटीबॉडी चढवलेल्या पेशींचा एक थेंब घालतात. त्यांच्या गुठळ्या व्हायलाच हव्यात. नाही झाल्या तर ती तपासणी बाद, पुन्हा पहिल्यापासून. बाहेर ताटकळणाऱ्याला तो उशीर वाटतो. खरं तर त्या एका थेंबाशिवाय तपासणी झाली असं म्हणताच येत नाही.

आता सगळ्यात घातक चूक. वॉर्डात एकाच नावाच्या दोन बाया आहेत. बल्ब आधी भरले, नावं नंतर टेबलावर बसून लिहिली, आणि अदलाबदल झाली. यानंतर प्रयोगशाळेतली प्रत्येक तपासणी बिनचूक निघते. कंट्रोल बरोबर, क्रॉसमॅचही जुळतं. फक्त बाटली भलत्याच खाटेवर जाते. रुग्ण भुलीखाली असेल तर त्याला थंडी वाजते, कंबर दुखते हे सांगताही येत नाही. लालभडक लघवी दिसते तेव्हा मूत्रपिंडं धोक्यात आलेली असतात. ही चूक पकडायला दोनच वाटा आहेत: रक्तपेढीतली जुनी नोंद, किंवा वेगळ्या वेळी घेतलेला दुसरा नमुना. म्हणजे जुना रिपोर्ट टाकाऊ नाहीच. तो ताडून पाहण्यासाठी असतो, तपासणी टाळण्यासाठी नव्हे. ब्रिटनमध्ये, पूर्वीची नोंद नसलेल्या रुग्णाचा दुसरा नमुना घेतल्याशिवाय त्याच्या गटाचं रक्त देऊ नये, तोवर ओ गटाचं द्यावं, असा दंडक आहे. आपल्याकडंही तो हवा.

दात्याच्या रक्तातले विषाणू शोधणारी नॅट ही आणखी एक तपासणी. ‘नॅट यंत्र आणा, सगळं सुटेल’ असंही म्हणतात. 2022 मध्ये नागपुरात रक्त चढवल्यानंतर थॅलेसेमियाची चार मुलं एचआयव्हीबाधित आढळली, त्यातलं एक दगावलं, तेव्हा ही मागणी जोरात झाली. मागणी रास्तच आहे. नॅट सक्तीची व्हावी. संसर्ग होऊनही एचआयव्ही तपासणीत न दिसण्याचा काळ ती साधारण 22 दिवसांवरून 11 वर आणते. शून्यावर मात्र आणत नाही. शिवाय नॅट विषाणू शोधते, बल्बवरचं नाव वाचत नाही.

आणि काही विपरीत घडलं की ‘तंत्रज्ञाला निलंबित करा’ ही हाकाटी ठरलेली. ज्यानं जाणूनबुजून पायरी गाळली त्याला जरूर शिक्षा करा. पण रात्रपाळीला एकट्यानं नमुने घ्यायचे, गट करायचे, फोनही उचलायचा, अशा माणसाची प्रत्येक चूक नोकरीवर आली, तर तो चूक लपवायला शिकेल. रक्त चढवल्यानंतरच्या दुष्परिणामांची नोंद ठेवणारा देशाचा हिमोव्हिजिलन्स कार्यक्रम 10 डिसेंबर 2012 पासून सुरू आहे. तिथं कळवणं प्रत्येक रक्तपेढीला सक्तीचं करा, थोडक्यात टळलेल्या चुकाही त्यात येऊ द्या, आणि स्वतःहून कळवणाऱ्याला संरक्षण द्या.

तोवर एवढं आपल्या हातात आहे. आपल्या माणसाचा नमुना घेतला जाईल तेव्हा खाटेजवळ उभे राहा. त्याचं पूर्ण नाव त्यालाच सांगू द्या. बल्बवर ते नाव तिथंच, तुमच्यासमोर लिहिलं गेलं की मगच खिडकीकडं धावा.