साडेबाराचे साडेसातशे

माझ्या भाचीने तिच्या अम्मीच्या शिवणवर्गासाठी एक छोटे ॲप तयार केले. कोणती बॅच किती वाजता भरते, एवढेच त्यात दाखवायचे होते. पायथॉन शिकायला लागून तिला जेमतेम चार महिने झालेत. रमजानमध्ये वेळा बदलतात, म्हणून तिने त्या प्रोग्रॅममध्ये न लिहिता वेगळ्या फाइलमध्ये ठेवल्या. हे तिने शहाणपणाचे केले. वेळ बदलली की कोडला हात लावायचा नाही, फाइलमधली एक ओळ बदलायची. अशा फाइलला कॉन्फिगरेशन फाइल म्हणतात. तिची फाइल यॅमल पद्धतीची होती: आधी नाव, मग अपूर्णविराम, मग माहिती.

रात्री अकराला तिचा फोन आला.

"मामू, सकाळची बॅच बरोबर ०९:३० दिसते. पण दुपारची १२:३० ऐवजी ७५० दिसते आणि संध्याकाळची १६:०० ऐवजी ९६०! तीनदा तपासलं." मग जरा थांबून, "अब्बू म्हणतात, हे सोड आणि बी. कॉम. कर."

मी म्हटले, "बेटा, बाराला साठने गुण आणि तीस मिळव."

पलीकडे शांतता. मग, "सातशे पन्नास! म्हणजे मिनिटं केली त्याने?"

तसेच झाले होते. यॅमलच्या १.१ या आवृत्तीत अपूर्णविरामाने जोडलेले अंक साठच्या पटीतली संख्या मानायचा नियम आहे. २००९ साली आलेल्या १.२ आवृत्तीतून तो काढला, पण पायथॉनमध्ये सर्रास वापरले जाणारे पाययॅमल जुन्या नियमांवरच चालते. मग सकाळची वेळ कशी वाचली? नियमाप्रमाणे अशा संख्येची सुरुवात शून्याने होत नाही. ०९:३० शून्याने सुरू होते, म्हणून ते साधा मजकूर म्हणून वाचले गेले. (फाइलमध्ये अंक अर्थातच इंग्रजी होते.) एक ओळ बरोबर आणि दोन चूक, असे असले की माणूस आपल्याच डोक्यावर शंका घेतो. पोरगी तीन तास तेच करत बसली होती.

शून्याची दुसरीही गंमत आहे. मुंबईचा एसटीडी कोड ०२२ नुसता लिहिला, तर शून्यामुळे ती आठच्या पटीतली संख्या ठरते आणि हातात येतात १८. इंग्रजीत 'नो' लिहिले तर त्याचे 'खोटे' होते. नॉर्वे देशाचा दोन अक्षरी कोडही नेमका तोच, त्यामुळे देशांच्या यादीतून नॉर्वे गायब होतो. प्रोग्रॅमर मंडळींत ही नॉर्वेची अडचण प्रसिद्धच आहे.

उपाय दोन अवतरणचिन्हांचा. वेळ, फोन नंबर, पिनकोड, म्हणजे ज्यांची बेरीज-वजाबाकी करायची नाही, ते अवतरणात लिहावे. शिवाय फाइल वाचल्याबरोबर प्रोग्रॅमने तपासावे: वेळ मजकूर आहे ना? नसेल तर तिथेच थांबून स्पष्ट सांगावे. मला अवतरणांपेक्षा ही तपासणी जास्त महत्त्वाची वाटते, कारण अवतरण आज ना उद्या कोणीतरी विसरतेच.

तिने दोन्ही केले. आता वेळा तिची अम्मी स्वतः बदलते. परवा एक अवतरण राहिले, तेव्हा पडद्यावर मराठीत आले: "दुपारच्या बॅचची वेळ अवतरणात लिहा." अम्मीने लिहिली आणि पुन्हा मशिनवर जाऊन बसली.